बाहेर आर्द्रता ९०% आणि घरात ओठ फुटतायत, हे कसं काय?

सकाळी उठून मोबाईलवर हवामान बघितलं तर बाहेर तापमान ०°, आर्द्रता ९०%. धुकं पडलंय, गाड्यांच्या काचा ओल्याचिंब. आणि घरात रात्रभर हीटर चालू, तर घशाला कोरड पडलीये, ओठ फुटलेत, कोणाचा तरी घोळणा फुटलाय, स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतायत आणि दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. बाहेर एवढी ओल आहे मग घरातच वाळवंट कुठून आलं?

हा प्रश्न दर हिवाळ्यात पडतो आणि दर हिवाळ्यात त्यावर तेच उपाय फिरत राहतात, रेडिएटरवर (गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या पाइपांच्या जाळीवर) पाण्याचं वाडगं ठेवा, खोलीत झाडं ठेवा, ह्युमिडिफायर म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र आणा. यातलं चुकीचं काहीच नाही, पण कुठला उपाय किती उपयोगाचा हे कोणी सांगत नाही. माझ्या मते गोंधळ होतो कारण आपण सगळं टक्क्यांत बोलतो. टक्के बाजूला ठेवून लिटरमध्ये हिशोब केला ना की सगळं एकदम सरळ दिसायला लागतं, म्हणून इथे तसाच करूया.

## टक्के नक्की कशाचे?

हवामानाच्या ॲपवर जी आर्द्रता दिसते तिला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी पाण्याची वाफ मावू शकते त्याच्या किती टक्के आत्ता आहे. यातला महत्त्वाचा शब्द "त्या तापमानाला" हा आहे, आणि नेमका तोच आपण विसरतो.

काठोकाठ भरलेला एक तांब्या घ्या. तेच पाणी मोठ्या घागरीत ओता. पाणी एक थेंबही कमी झालं नाही, पण तांब्या भरलेला होता आणि घागरीच्या मात्र जेमतेम तळाशी पाणी दिसतं. थंड हवा म्हणजे तांब्या, गरम हवा म्हणजे घागर.

आता आकडे बघा. ०° ला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ४.८ ग्रॅम वाफ मावते. २०° ला १७.३ ग्रॅम. म्हणजे साडेतीन पट! बाहेरच्या ९०% वाल्या हवेत प्रत्यक्षात ४.४ ग्रॅमच पाणी आहे, ती दारं-खिडक्यांच्या फटींतून आत आली, हीटरने २०° पर्यंत तापली, पाणी तेवढंच राहिलं पण भांडं १७.३ चं झालं. ४.४ भागिले १७.३, आले की २५%. बाहेर उणे १०° असेल तर हाच हिशोब १२% च्या आसपास जातो, आणि विमानाच्या केबिनमध्ये साधारण १० ते २०% असते, म्हणजे विमानात तासाभरात नाक-डोळे कोरडे पडतात तसंच हे, फक्त चार महिने सलग. घरात माणसं श्वास घेतात, आंघोळी होतात, स्वयंपाक होतो त्यामुळे खरा आकडा याहून थोडा वर असतो, पण चित्र हेच.

उलट बाजूही लक्षात घ्या, बाहेर १०° असेल आणि ९०% आर्द्रता असेल तर तीच हवा २०° ला तापून ४९% वर येते. ते अगदी छान आहे. म्हणजे हिवाळा सौम्य असेल तर हीटर चालू असूनही घर कोरडं नसू शकतं, आणि तिथे ह्युमिडिफायर लावणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

## "हीटर हवेतला ओलावा खातो" हे खरं का?

नाही. साधा विजेचा हीटर, रेडिएटर, तेलाचा हीटर, यातलं कुणीही हवेतलं पाणी काढून घेत नाही. ते फक्त भांडं मोठं करतात. म्हणूनच "आमचा तेलाचा हीटर हवा कोरडी करत नाही" असं सांगून कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका, खोली २२° ला नेली की ती कशाने नेली याने टक्क्यांत फरक पडत नाही. पंख्याचा हीटर जास्त कोरडा वाटतो हा अनुभव मात्र खरा आहे, कारण गरम झोत थेट डोळ्यांवर आणि कातडीवर येतो आणि तिथलं पाणी भराभर उडतं. झोताची दिशा बदलली तरी बराच आराम पडतो.

धुराडं नसलेला उघड्या ज्योतीचा गॅस हीटर मात्र उलट करतो, गॅस जळताना पाणी तयार होतं, १ किलो एलपीजी जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन खोलीत येतं. ऐकायला सोय वाटेल पण त्याच ज्योतीतून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायूही येऊ शकतो आणि त्याला ना वास ना रंग. ओलाव्यासाठी असा हीटर लावायचा विचार अजिबात करू नका.

## अंगाला आणि घराला काय होतं

नाकाच्या आत आणि श्वासनलिकेत एक चिकट ओला थर असतो आणि त्याखाली बारीक केसांसारखे तंतू सतत हलत असतात, ते धूळ आणि जंतू सरकवत सरकवत बाहेर काढतात. हवा कोरडी झाली की तो थर घट्ट होतो, सरकणं मंदावतं. नाकाच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्या अगदी पातळ आवरणाखाली असतात, आवरण सुकून तडकलं की घोळणा फुटतो.

सर्दी-फ्लूचं काय? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खोकणारे पुतळे वापरून फ्लूचे विषाणू खोलीत सोडले आणि तासाभराने मोजले. आर्द्रता २३% किंवा कमी असताना ७० ते ७७% विषाणू अजून संसर्ग करू शकत होते, ४३% किंवा जास्त असताना १५ ते २२%. फरक मोठा आहे. तरी यावरून "ह्युमिडिफायर लावा, फ्लू होणार नाही" असा अर्थ काढू नका, फ्लू अनेक मार्गांनी पसरतो, बंद खोलीतली गर्दी हे त्यातलं मोठं कारण आणि त्यावर ह्युमिडिफायरचा काही उपाय नाही.

लाकूडही हवेबरोबर सुकतं. ५०% आर्द्रतेत लाकडात वजनाच्या साधारण ९% पाणी असतं, २५% ला ते ५ वर येतं, मग टेबलाचे सांधे कुरकुरतात, फळ्यांमध्ये फटी पडतात, गिटार सुरातून उतरते किंवा थेट तडकते. आणि ते झटके! कोरड्या हवेत कार्पेटवर चाललं की अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत स्थिर वीज साठू शकते, दमट हवेत हाच आकडा १,५०० च्या आसपास राहतो. व्होल्ट जास्त असले तरी वीज क्षणभराचीच असते म्हणून माणसाला इजा होत नाही, पण कॉम्प्युटर उघडून काम करणाऱ्यांनी जपावं.

## आधी मोजा, मग खर्च करा

घरातली आर्द्रता मोजायच्या यंत्राला हायग्रोमीटर म्हणतात, छोटा डिजिटल स्वस्तात मिळतो. पूर्वी हे काम माणसाच्या केसाने व्हायचं. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये केसाचा हायग्रोमीटर मांडला, कारण केस ओलाव्याने लांबतो, पूर्ण कोरड्यापासून पूर्ण ओल्यापर्यंत साधारण २ ते २.५ टक्के. म्हणजे पावसाळी हवेत केस वेगळे वागतात तो भास नसतो.

स्वस्त यंत्रात ३ ते ५ टक्क्यांची चूक सहज असते. ती तपासायची पद्धत मला फार आवडते कारण ती कुणालाही घरी करता येते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ पूर्ण विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. पिशवीतली हवा बरोबर ७५% वर येऊन थांबते, हा मिठाचा गुणधर्मच आहे. यंत्र ७० दाखवत असेल तर ते ५ ने कमी दाखवतं, कागदाची चिठ्ठी चिकटवून टाका.

यंत्र हीटरजवळ, खिडकीत किंवा बाथरूमच्या दाराशी ठेवू नका. झोपायच्या खोलीत, आतल्या भिंतीजवळ, छातीच्या उंचीवर ठेवा आणि दोन-तीन दिवस नुसतं बघत राहा. ३० ते ५०% च्या मध्ये असेल तर हवेला काही करायची गरज नाही. सतत ३० च्या खाली असेल तर पुढचं वाचा.

## आता लिटरचा हिशोब

समजा घर ८० चौरस मीटरचं आहे, छत अडीच मीटर उंच. म्हणजे २०० घनमीटर हवा. २५% वरून ४०% वर जायचं तर दर घनमीटरला २.६ ग्रॅम पाणी हवं. गुणाकार केला तर ५२० ग्रॅम. फक्त अर्धा लिटर! अख्ख्या घराच्या हवेत आत्ता या क्षणी कमी पडतंय ते एवढंच पाणी.

मग लोकांचे ह्युमिडिफायर दिवसाला टाक्याच्या टाक्या कसे पितात? कारण घर गळतं. घरातली निम्मी हवा दर तासाला बदलत असेल, जे काही फार वेगळं नाही, तर तासाला १०० घनमीटर ओलसर हवा बाहेर जाते आणि तेवढीच कोरडी आत येते. म्हणजे तासाला २६० ग्रॅम पाणी, दिवसाला ६ लिटरहून थोडं जास्त. गळक्या रांजणात पाणी भरत राहण्यासारखं आहे हे.

आता या ६ लिटरसमोर प्रत्येक उपाय ठेवून बघा. नियम एकच, भांड्यातलं जेवढं पाणी कमी झालं तेवढंच हवेत गेलं, त्याहून एक थेंब जास्त नाही. रेडिएटरवरच्या वाडग्याला सकाळी पेनाने खूण करा आणि संध्याकाळी बघा, दिवसाला अर्धा लिटर उडालं तरी खूप झालं. झाडांचंही तसंच, तुम्ही कुंडीत घातलेलं जवळपास सगळं पाणी पानांतून हवेत जातं, पण तुम्ही दिवसाला वाटीभर घालत असाल तर वाटीभरच जाणार ना. धुतलेले कपडे मात्र कामाचे, मशीनमधून पिळून निघालेल्या एका फेरीच्या कपड्यांत २ लिटरच्या आसपास पाणी असू शकतं, ते घरातच वाळत घातले तर तो सगळा ओलावा तुमचा. माणूस स्वतःसुद्धा दिवसाला श्वासातून आणि कातडीतून साधारण लिटरभर पाणी हवेत सोडतो.

म्हणजे अख्ख्या घरासाठी वाडगं पुरत नाही. पण एकच झोपायची खोली घ्या, १२ चौरस मीटरची, दार लावलेलं. तिथे तासाला ४० ग्रॅम लागतात, आठ तासांच्या झोपेला ३२० ग्रॅम. पाव लिटरपेक्षा थोडं जास्त! हे तर दांडीवर टाकलेल्या दोन-तीन ओल्या टॉवेलांनीसुद्धा जमतं. माझं म्हणणं असं की घरभर आर्द्रता वाढवायचा नाद सोडून झोपायची खोली धरावी, दिवसातले सात-आठ तास सलग आपण तिथेच असतो आणि घसा सुकतो तोही रात्रीच, कारण झोपेत तोंड उघडं राहतं आणि पाणी प्यायलं जात नाही.

## पाणी घालायच्या आधी भोक बुजवा

गळती निम्मी केली तर ६ लिटरचे ३ होतात, आणि घरातल्या माणसांचा, आंघोळीचा, कपड्यांचा ओलावा बाहेर न पळता जास्त वेळ आत राहतो, म्हणजे फायदा दोन्हीकडून. खिडकीच्या चौकटीला रबरी पट्टी, दाराखाली ब्रश, पाइप भिंतीतून जातात तिथलं भोक, वापरात नसलेलं धुराडं. गरम हवा वर चढते आणि छताकडच्या फटींतून निघून जाते, तिच्या जागी खालच्या फटींतून थंड हवा ओढली जाते, म्हणून वरच्या फटी आधी बघाव्यात. हीटिंगचा खर्च वाचतो तो वेगळाच.

इथे कोणी म्हणेल की सगळं बंद केलं तर गुदमरणार नाही का. बरोबर शंका आहे. हवा येण्यासाठी मुद्दाम ठेवलेले व्हेंट कधीच बंद करायचे नाहीत, विशेषतः घरात काहीही जळत असेल तर. आपण बुजवतोय ते नको तिथल्या फटी. सकाळी पाच-दहा मिनिटं खिडक्या पूर्ण उघडून पुन्हा लावल्या की शिळी हवा जाते आणि भिंती-फर्निचरमध्ये मुरलेला ओलावा आणि ऊब बऱ्यापैकी टिकते. तासन् तास किलकिली ठेवलेली खिडकी त्यापेक्षा जास्त नुकसान करते.

दुसरा फुकटातला उपाय थर्मोस्टॅट, म्हणजे खोली किती तापवायची ते ठरवणारं बटण. हवेत दर घनमीटरला ५ ग्रॅम पाणी असेल तर २३° ला ती २४% दाखवते आणि २०° ला २९%. तीन अंश खाली उतरलात, पाण्याचा थेंब न घालता पाच टक्के वर. घरात तान्हं बाळ, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर मात्र टक्क्यांसाठी थंडी सोसू नका, तिथे ऊब आधी.

## ह्युमिडिफायर घ्यायचाच असेल तर

तीन प्रकार मिळतात. एकात ओल्या जाळीतून पंख्याची हवा जाते, एक कंपनाने पाण्याचे सूक्ष्म तुषार उडवतो ज्याला अल्ट्रासॉनिक म्हणतात, आणि एक पाणी उकळून वाफ देतो.

जाळीवाला मला सगळ्यात समजूतदार वाटतो, कारण हवा ओली होत गेली की त्याचं बाष्पीभवन आपोआप मंदावतं आणि पाण्यातले क्षार जाळीतच राहतात. जाळी मात्र बदलावी लागते, नाहीतर तिलाच वास येतो. अल्ट्रासॉनिक शांत असतो, वीज कमी खातो, पण पाण्यात जे असेल ते सगळं तो हवेत उडवतो, क्षार आणि जंतूसुद्धा. फर्निचरवर पांढरी भुकटी बसायला लागली तर ती तुमच्या नळाच्या जड पाण्यातली आहे आणि तीच श्वासातून आतही जातेय. म्हणून यात डिस्टिल्ड किंवा क्षार काढलेलं पाणीच घाला. उकळणाऱ्यात जंतू मरतात पण वीज भरपूर लागते आणि उकळतं पाणी सांडून भाजण्याचा धोका असतो, लहान मुलांच्या खोलीत तो नकोच.

कुठलाही घ्या, टाकी रोज रिकामी करून कोरडी पुसायची, ताजं पाणी भरायचं आणि दोन-तीन दिवसांनी नीट घासून धुवायची. क्षार व्हिनेगरने निघतात. आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर तिथे जंतूंनी थर धरलाय, तो मशीन चालू करून नाकात घ्यायचा नाही. हे जमणार नसेल तर खरंच सांगतो, ओले टॉवेल बरे.

आणि टाकीत पाण्याशिवाय काहीही घालायचं नाही. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं विकली जात होती, घरोघरी लोक मुलांच्या काळजीपोटी ती वापरत होते. २०११ मध्ये उघड झालं की त्यातली रसायनं श्वासावाटे फुफ्फुसं निकामी करतायत. शेकडो लोक गेले, त्यात गरोदर बायका आणि लहान मुलं होती. हातावर किंवा फरशीवर चालणारं रसायन तुषार होऊन फुफ्फुसात गेलं की तसंच वागेल याची काहीच खात्री नसते. सुगंधी तेलाचे थेंबही, मशीन त्यासाठीच बनवलेलं नसेल तर, टाळा.

## मग ६०% वर ठेवलं तर आणखी चांगलं नाही का?

नाही, आणि याचं उत्तर तुमची खिडकी देते. हवा जिथे इतकी गार होते की तिच्यातलं पाणी थेंब होऊन बसायला लागतं त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. २०° च्या खोलीत ४०% आर्द्रता असेल तर दवबिंदू ६° असतो, ५०% ला ९°, ६०% ला १२°. बाहेर ०° असताना एकेरी काचेची आतली बाजू साधारण ५° असते, म्हणजे ४०% लाच ती निथळायला लागणार. दुहेरी काच १२-१३° वर असते, ती जास्त सहन करते, पण तिच्याही कडा आणि चौकट गारच असतात.

काचेवरचं पाणी निदान दिसतं तरी. बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे, कोपऱ्यात, गादीखाली जे चालतं ते दिसत नाही आणि बुरशी तिथेच धरते. धुळीतले सूक्ष्म किडेही ५०% च्या वर जोमात वाढतात, दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांना ते कोरडेपणापेक्षा महागात पडतं. म्हणून बाहेर जितकं जास्त गार तितका आतला आकडा खाली ठेवायचा. कडाक्याच्या थंडीत ३०% वर समाधान मानावं, काचेच्या कडेला ओल दिसली की ह्युमिडिफायर बंद.

## "ओलसर हवा उबदार वाटते, म्हणजे बिल कमी येईल"

थोडं खरं आहे पण हिशोब जुळत नाही. आर्द्रता १०% ने वाढली तर अंगाला जाणवणारा फरक साधारण ०.३° तापमानाएवढा. आणि १ लिटर पाण्याची वाफ करायला जवळपास ०.७ युनिट ऊर्जा लागते, मशीन विजेवर उकळो किंवा ओला टॉवेल खोलीतली ऊब शोषून सुको, ती ऊर्जा तुमच्याच हीटिंगमधून जाते. दिवसाला ६ लिटर म्हणजे ४ युनिट. आरामासाठी करा, बचतीसाठी नको.

## आकडा ठीक आहे, तरी त्रास होतोय

असंही होतं. कातडी कोरडी पडण्यात गरम पाण्याच्या लांबलचक आंघोळीचा वाटा मोठा असतो, साबण आणि कढत पाणी कातडीवरचं तेल धुवून नेतं आणि मग ती स्वतःचं पाणी धरून ठेवू शकत नाही. कोमट पाणी, थोडा वेळ, आणि अंग टिपून ओलसर असतानाच क्रीम किंवा व्हॅसलीन, एवढ्याने खूप फरक पडतो. डोळे चुरचुरत असतील तर स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात हे कारण असू शकतं. नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात. घोळणा वारंवार फुटत असेल, दाबून धरूनही थांबत नसेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा, ते हवेवर ढकलू नका.

आणि हीटर लावल्यावर डोकं दुखतं, मळमळतं, घरातल्या सगळ्यांनाच एकदम गळून गेल्यासारखं होतं आणि बाहेर पडलं की बरं वाटतं, असं असेल तर तो कोरडेपणा नाही. गॅस, रॉकेल, लाकूड, कोळसा काहीही जळत असेल तिथे ही कार्बन मोनॉक्साईडची लक्षणं असू शकतात. सगळ्यांना घेऊन ताबडतोब बाहेर पडा, मदत बोलवा आणि हीटर तपासून झाल्याशिवाय पुन्हा लावू नका. झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म बसवणं हे हायग्रोमीटर घेण्याच्याही आधीचं काम आहे.